तारखांचे मास्तर

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी टाइमटेबलमधले चार तास होते, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. एक तर ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांनी आपला सगळ्यात मोठा ग्रंथ मराठीत लिहिला, आणि दुसरं म्हणजे याची सुरुवात माझ्या आजीपासून झाली.

थर्ड इयरला डीबीएमएसचा मिनी प्रोजेक्ट होता. सगळे लायब्ररी नाहीतर मेसचं बिल करत होते, म्हणून आम्ही तिघींनी वंशावळ घेतली. एक टेबल, त्यात नाव, गाव, आई, वडील आणि जन्मतारीख. जन्मतारखेचा टाइप डेट, आणि वर नॉट नल. म्हणजे तारीख दिल्याशिवाय माणूस जन्मालाच येणार नाही!

आजीच्या ओळीपाशी गाडी अडली. तिच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६१ आहे. तेव्हा शाळेत नाव घालताना मास्तर वयाचा अंदाज धरून १ जून लिहून टाकायचे. तुमच्याही घरात शोधा, एक तरी १ जूनवाले सापडतील. पण आजीचं म्हणणं वेगळं. ती नारळी पौर्णिमेला जन्मली, शनिवारी, दिवस उजाडल्यावर, पानशेत फुटलं त्या वर्षी. धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. तेव्हा पणजी पोटुशी होती, पुण्यात पाणी शिरलं म्हणून तिला कोकणात माहेरी नेली आणि तिथे आजी झाली. म्हणजे दाखला खरा मानला तर आजी पुराच्या एकेचाळीस दिवस आधीच जन्मलेली!

मी काय केलं? १९६१-०६-०१ टाकलं आणि एंटर दाबलं. टेबलने हूं की चूं केलं नाही.

व्हायव्हाला आमच्या सरांनी नेमकी तीच ओळ उघडली. एवढ्या आज्या-पणज्या १ जूनलाच कशा जन्मल्या, असं त्यांनी विचारलं. मी खरं काय ते सांगितलं. मग नारळी पौर्णिमा कुठे ठेवलीस, हा पुढचा प्रश्न. ती कुठेच ठेवली नव्हती. सरांनी मार्क कापले नाहीत, पण एक नाव दिलं आणि वाचून ये म्हणाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित.

नाव ऐकलेलं होतं, पण पुण्यातल्या एखाद्या रस्त्याचं वाटावं इतपतच. जुने लोक त्यांना ज्योतिर्विद दीक्षित म्हणून ओळखतात. ज्योतिषी नव्हे हं, म्हणजे पत्रिका बघणारे नव्हेत. आकाश आणि गणित यांचे ज्योतिषी.

त्यांचा जन्म १८५३ चा, दापोली तालुक्यातल्या मुरुडचा. महर्षी कर्व्यांचं गाव तेच. गावच्या शाळेत मराठी आणि थोडं संस्कृत झालं, मग पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज, आणि १८७४ मध्ये मॅट्रिक. तिथे शिक्षण संपलं. पुढे आयुष्यभर शाळामास्तर. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत होत शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. डिग्री नाही, दुर्बिणीची वेधशाळा नाही. दिवसा मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात गणित करायचं. आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री एक गणित सुटत नाही, आणि हा माणूस बदलीच्या गावी कंदिलाच्या उजेडात ग्रहांची गणितं करत होता. (कंदील माझ्या मनचा आहे, पण वीज तर नव्हतीच ना!)

त्यांच्या एका पुस्तकाचं नाव मला फार आवडलं. 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं, दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. म्हणजे दोन घटका मौज बरोबर अठ्ठेचाळीस मिनिटांची. आपल्या एका लेक्चरएवढी, फक्त मौज जास्त!

आता मुख्य गोष्टीकडे येते.

१८८० च्या सुमारास इतिहासकारांचं एक मोठं भांडण चालू होतं. गुप्त राजांचे शिलालेख सापडले होते, त्यांवर वर्षं होती, पण ती कुठून मोजायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कंप्युटरवाल्यांना हे लगेच कळेल. युनिक्समध्ये वेळेचा आकडा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद सांगतो. ते १९७० माहीत नसेल तर आकडा म्हणजे नुसता आकडा. गुप्तांचं 'वर्ष १६५' तसंच होतं. एडवर्ड थॉमस हा काळ शक संवताशी जोडत होते, म्हणजे सुरुवात इ.स. ७८ च्या आसपास. कनिंगहॅम १६६ म्हणत होते. अल्बेरुणीने अकराव्या शतकात लिहून ठेवलं होतं की गुप्तकाळ शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो, त्यावरून ३१९ येत होतं. दोन टोकांत जवळजवळ अडीचशे वर्षांचा फरक! समुद्रगुप्त, कुमारगुप्त सगळे त्या फरकाबरोबर पुढे-मागे सरकत होते.

जॉन फ्लीट नावाचे मुंबई इलाख्यातले अधिकारी गुप्तांचे सगळे लेख एकत्र छापायच्या कामावर होते. लेख वाचणं त्यांना येत होतं. पण पंधराशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या तिथीला कोणता वार होता हे काढायला पंचांगाचं गणित लागतं. ते करून दिलं आपल्या मास्तरांनी. हाताशी होती केरो लक्ष्मण छत्रे यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके', १८६० साली निघालेली.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचं गाव आहे. तिथे मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी उभारलेला एक दगडी स्तंभ आहे, बुधगुप्ताच्या काळातला. त्यावर कोरलंय की वर्ष १६५, आषाढ शुक्ल द्वादशी, गुरुवार. वार दिलेल्या भारतातल्या सगळ्यात जुन्या लेखांत याची गणना होते. आणि हा वार म्हणजे सोन्याचा तुकडा आहे. वर्ष कुठल्या संवताचं, महिना कोणत्या पद्धतीचा, यावर वाद घालता येतो. पण सात वारांचं चक्र सगळ्यांचं एकच आणि ते मध्ये कुठे तुटत नाही. म्हणजे कोरणाऱ्याने नकळत तारखेला चेकसम जोडून ठेवला होता.

३१९ धरून दीक्षितांचं गणित आलं २१ जून ४८४. वार गुरुवार.

मी हे हॉस्टेलच्या खोलीत ताडून पाहिलं. खगोलवाले दिवसांना सरळ अनुक्रमांक देतात, त्याला ज्युलियन दिवसांक म्हणतात. महिना, लीप वर्ष असली भानगडच नाही, नुसती मोजणी. २१ जून ४८४ चा दिवसांक १८९८०११. त्याला सातने भागलं की बाकी उरते ३. बाकी शून्य म्हणजे सोमवार, तर ३ म्हणजे गुरुवार. माझा प्रोग्राम आठ ओळींचा होता आणि उत्तर यायला वेळच लागला नाही. रूममेट झोपली होती, तिला उठवून दाखवलं. तिने डोळे न उघडता छान म्हटलं.

पण तिथी काढणं वाराइतकं सोपं नाही, आणि खरं काम तिथेच होतं. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. तो कधी वीस तासांच्या आसपास, कधी सव्वीसच्या. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. मग होतं काय, की एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच येऊन संपते आणि तिला दिवसच मिळत नाही. तो क्षय. एखादी दोन सूर्योदय गाठते आणि लागोपाठच्या दोन दिवसांची तिथी एकच येते. ती वृद्धी. वर अधिक महिना आला की त्याच नावाचा महिना दोनदा. थोडक्यात काय, शके-महिना-पक्ष-तिथी ही जोडी प्रायमरी की म्हणून वापराल तर फसाल. शिवाय सूर्योदय गावागणिक वेगळा, म्हणजे टाइम झोनचा प्रश्न आलाच.

गुरुवार जुळला म्हणजे जिंकलं असंही नाही. चुकीचं वर्ष घेतलं तरी सातातून एकदा वार आपोआप जुळणारच. म्हणून आणखी पुरावा हवा होता, आणि इथे दीक्षितांनी जे केलं ते मला सगळ्यात भारी वाटतं. त्याच काळातल्या हस्तिन आणि संक्षोभ या परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांत वर्षाच्या आकड्याबरोबर 'महाचैत्र', 'महाआश्वयुज' अशी नावं येतात. हे गुरू ग्रहाचं बारा वर्षांचं चक्र. पण ही नावं ठेवायच्या पद्धती दोन होत्या, आणि जुन्या पद्धतीकडे अभ्यासकांचं लक्षच नव्हतं. त्या पद्धतीत गुरू सूर्याच्या तेजातून बाहेर येऊन पहाटे पुन्हा दिसू लागतो तेव्हा तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून वर्षाचं नाव. असे उदय साधारण ३९९ दिवसांनी होतात, म्हणजे बारा वर्षांत बारा नव्हे तर अकरा, आणि एक नाव गाळलं जातं. दीक्षितांनी ही जुनी पद्धत पुढे आणली आणि तिने गणित केलं. १९१ हे महाचैत्र आणि २०९ हे महाआश्वयुज. मध्ये अठरा वर्षं, म्हणजे एक पूर्ण चक्र आणि सहा नावं पुढे. चैत्रापासून सहा पुढे मोजा, आश्विन येतो. आणि आकाशातला गुरूही ३१९ धरल्यावर जागेवर सापडतो. वार वेगळा साक्षीदार, गुरू वेगळा, आणि त्यात मंदसोरच्या लेखातल्या मालव संवताच्या वर्षाची भर. १८८८ मध्ये फ्लीटचा ग्रंथ निघाला. गुरूच्या चक्रावरचं दीक्षितांचं टिपण त्याला परिशिष्ट म्हणून त्यांच्या नावाने जोडलेलं आहे. आज शाळेच्या पुस्तकात गुप्तांची जी सालं आपण पाठ करतो ती या पायावर उभी आहेत.

पुढे मद्रासकडचे निवृत्त आयसीएस अधिकारी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी 'द इंडियन कॅलेंडर' केलं, १८९६ साली लंडनला छापलं गेलं. सूर्यग्रहणांची कोष्टकं व्हिएन्नाच्या श्राम यांची. इ.स. ३०० ते १९०० मधल्या प्रत्येक वर्षाला एक ओळ. म्हणजे सोळाशे रेकॉर्डचं टेबल, हाताने भरलेलं! वर्ष कोणत्या इंग्रजी तारखेला सुरू झालं, तो वर्षातला कितवा दिवस, वार कोणता, अधिक महिना कोणता. संक्रांतीची वेळ घटकापळांतही आणि तासमिनिटांतही. चंद्राचं स्थान अंशांत न देता पूर्ण महिन्याचे दहा हजार भाग करून त्यांत दिलंय, त्यामुळे एक तिथी म्हणजे सुमारे ३३३ आणि सगळी कामं नुसत्या बेरजेने होतात. शिलालेख वाचणाऱ्यांनाच नाही तर कोर्टातल्या जुन्या कागदांची तारीख खरी की खोटी हे बघायलाही ते वापरता यायचं. जमिनीचा कागद खोटा करणाऱ्याला तिथी सुचते, पण त्या तिथीचा बरोबर वार सुचतोच असं नाही.

हे पुस्तक मी स्कॅन कॉपीत चाळलं. आधी वाटलं होतं की पहिल्या पानापासून आकडेच असतील. पण आकड्यांच्या आधी मोठा भाग नुसता समजावण्याचा आहे, कारण तारीख बदलायच्या आधी ती कोणत्या पद्धतीने लिहिलीय हे विचारावं लागतं. वर्ष 'गत' की 'वर्तमान'? आपण वाढदिवसाला वीस पूर्ण म्हणतो की एकविसावं लागलं म्हणतो, तसं. इथे चुकलात तर अख्खं वर्ष इकडचं तिकडे. महिना अमावास्येला संपतो की पौर्णिमेला? आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्यातली, आणि उत्तरेकडच्या मैत्रिणीची तीच रात्र भाद्रपद कृष्णातली. दोघींचं बरोबर. वर्ष चैत्रात सुरू होतं की कार्तिकात? दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विंगमधल्या गुजराती मुली साल मुबारक करत फिरतात तेव्हा याचं प्रात्यक्षिक बघायला मिळतं.

आणखी एक गंमत आहे, आणि तिच्यावर मी बरेच दिवस अडकले होते. दीक्षित स्वतः पंचांग सुधारणेचे कट्टर समर्थक होते. सूर्यसिद्धान्ताचं वर्ष ऋतूंच्या खऱ्या वर्षापेक्षा चोवीस मिनिटांच्या आसपास मोठं पडतं. दिसायला किरकोळ, पण साठ वर्षांत एक दिवस होतो. म्हणूनच उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होऊनही आपण तिळगूळ १४-१५ जानेवारीला वाटतो. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षितांनी ऋतूंना धरून चालणारं सायन पंचांग चालवलं. लोकांनी ते फारसं स्वीकारलं नाही, चालत आलेले सणवार कोण हलवणार! पण म्हणून ते भूमिकेवरून हटले नाहीत.

आणि हाच माणूस कोष्टकांत संक्रांती आणि अधिक महिने काढतो ते सूर्यसिद्धान्ताने. जे वर्षमान चुकीचं आहे असं तो सगळ्यांना सांगतोय त्यानेच! मला आधी ही चक्क तडजोड वाटली. मग लक्षात आलं की शिलालेख कोरून घेणाऱ्याच्या हातातलं पंचांग जुनं होतं. त्याने ज्या नियमाने तिथी लिहिली त्याच नियमाने ती उलगडली पाहिजे. त्यापेक्षा अचूक नियम लावला तर उत्तर चुकेल. आजचं पंचांग कसं असावं हा एक प्रश्न आणि त्या माणसाने काय लिहिलं हा दुसरा. पहिल्याबद्दलचं आपलं ठाम मत दुसऱ्यात मिसळू न देणं मला तरी जमलं नसतं. मी तर आजीची नारळी पौर्णिमा माझ्या टेबलात बसत नाही म्हणून फेकून दिली होती.

१८९६ हे त्यांचं मोठं वर्ष. त्याच साली 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा मराठी ग्रंथ निघाला. मूळ तो दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसासाठी लिहिलेला. वेदकाळापासून त्यांच्या स्वतःच्या काळापर्यंतचे सगळे ज्योतिषी आणि ग्रंथ त्यात आहेत. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत असं म्हटलंय, त्यावरून त्यांनी ते वर्णन इ.स.पू. ३००० च्या आसपासच्या आकाशाचं ठरवलं. यावर विद्वानांचं एकमत नाही, मी त्यात पडत नाही. पण तारीख न लिहिलेल्या वाक्यातून तारीख काढायची कल्पना बघा! ग्रंथाची मराठी जड आहे, मला पानागणिक आईला फोन करावा लागला. १९५७ मध्ये त्याचा हिंदी अनुवाद निघाला. इंग्रजी अनुवाद भारत सरकारच्या वेधशाळा विभागाने दोन भागांत काढला, पहिला १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये. मूळ ग्रंथानंतर तब्बल पंच्याऐंशी वर्षांनी.

ते बघायला मास्तर नव्हते. १८९८ मध्ये ते गेले, वयाची पंचेचाळीसही पुरी झाली नव्हती. पुढे मेघनाद साहांच्या समितीने देशभरातली पंचांगं गोळा करून सुधारणा सुचवली आणि २२ मार्च १९५७ पासून ऋतूंना धरून चालणारं राष्ट्रीय शक कॅलेंडर सरकारी कामात आलं. त्यात वर्ष सायनच आहे.

प्रोजेक्ट मी पुन्हा उघडला. जन्मतारखेच्या एका कॉलमचे आता चार झालेत. घरच्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं, मजकूर म्हणून. कागदावर काय आहे ते, आणि कोणत्या कागदावर. त्यावरून काढलेली तारीख. आणि ती कशी काढली, म्हणजे महिना अमान्त धरला की पूर्णिमान्त, वार जुळला की नाही. नॉट नल फक्त पहिल्याला.

आजीचं गणित मी आधी कागदावर केलं. १९६१ मध्ये श्रावणी पौर्णिमा २६ ऑगस्टला, सूर्योदयाला पौर्णिमाच होती. दिवसांक २४३७५३८. सातने भागून बाकी ५, म्हणजे शनिवार. रात्री साडेदहाला घरी फोन केला. वार जुळला हे ऐकून आजीला काही विशेष वाटलं नाही, तिला तो माहीतच होता. तिला एवढंच विचारायचं होतं की हे आधी कळलं असतं तर ती जूनऐवजी ऑगस्टअखेर रिटायर झाली असती का, आणि तेवढ्या महिन्यांचा पगार मिळाला असता का.